दाराची फट : मोटारीतील वाऱ्याच्या आवाजाचा इतिहास व त्याची परिभाषा

मोटारगाडीच्या इतिहासात एंजिन, चाके आणि रस्ता ह्यांना जे स्थान लाभले ते दाराला लाभले नाही. आणि दाराच्या कडेने बसविलेल्या रबरी पट्टीला तर ते मुळीच लाभले नाही. गॅरेजात जिला 'बीडिंग' किंवा नुसते 'दाराचे रबर' म्हणतात ती ही पट्टी झिजली, ताठरली अथवा चेपून बसली, म्हणजे गाडीने वेग घेताच कानाशी आवाज सुरू होतो. मालक तक्रार करतो, 'दारातून वारा येतो.' कारागीर रबरावरून बोट फिरवतो, फाटके दिसले तर बदलतो, न दिसले तर 'रबर ठीक आहे' असे सांगतो. आणि दोन्ही प्रसंगी आवाज पुष्कळदा पूर्ववत् राहतो. हा आवाज का जात नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी पदार्थविज्ञानात आहे, काही अंशी इतिहासात आहे आणि काही अंशी शब्दांत आहे. भाषेच्या अभ्यासकाने शब्दांवर बोट ठेवावे ह्यात नवल नाही. परंतु येथे शब्दाचा दोष कसा प्रत्यक्ष दुरुस्तीत उतरतो हे दाखविता येण्यासारखे आहे, आणि तेवढ्यासाठीच हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दाराच्या फटीतून येणारा आवाज ही तक्रार होण्यासाठी आधी गाडी बंद असावी लागते. आपल्याकडे उघडे व बंद वाहन हा भेद जुना आहे. पालखी उघडी, मेणा झाकलेला. टांग्याला टप असे, पण दार नसे. युरोपात घोड्याच्या बंद गाड्यांना दारे व काचा होत्या, आणि गाड्या बांधणाऱ्या कारागिरांनी दाराच्या सांध्याचा प्रश्न आपल्या परीने सोडविलाही होता. चौकटीच्या लाकडात खाच पाडून दार तीत बसवावयाचे, काच ज्या खोबणीतून वरखाली होते तिला नमद्याचे अस्तर द्यावयाचे, आणि चौकटीच्या आतल्या कडेला कापडात गुंडाळलेली गोल दोरी ठोकावयाची. मोटारीच्या धंद्यात ह्या दोरीला इंग्रजीत 'विंडलेस' हे नाव पडले. ह्यातील 'लेस' म्हणजे गाडीच्या आतल्या सजावटीची विणलेली किनार. तिला 'विंड' हा शब्द जोडला गेला, म्हणजे शोभेच्या किनारीवर वारा अडविण्याचे काम येऊन पडले. वस्तूचे काम बदलले, तरी नावात जुना धंदा शिल्लक राहिला. आपल्या 'बीडिंग' शब्दाचीही तीच कथा दिसते. सुताराच्या कामात बीडिंग म्हणजे कडेला मारलेली अरुंद, गोलसर लाकडी पट्टी. मोटारीच्या दाराला तीच संज्ञा लागू झाली ती आकारावरून. त्या नावात वारा नाही, पाणी नाही आणि आवाजही नाही.

प्रारंभीच्या मोटारी बहुतांशी उघड्या होत्या. अमेरिकेत १९१९ साली विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी बंद गाड्या शेकडा दहाच्या आसपास होत्या; १९२७ साली हे प्रमाण शेकडा पंचाऐंशीपर्यंत गेले. अवघ्या आठ वर्षांतील हा पालट मोटारीच्या इतिहासातील फार मोठा पालट होय. १९२२ साली हडसन कंपनीने एसेक्स नावाची स्वस्त बंद गाडी बाजारात आणली, आणि थोड्याच वर्षांत बंद गाडी उघड्या गाडीच्या तोडीने विकली जाऊ लागली. उघड्या गाडीत बसलेल्याला वाऱ्याच्या आवाजाची तक्रार सुचत नाही, कारण तो वाऱ्यातच बसलेला असतो. गाडीला भिंती आल्या तेव्हा आत आणि बाहेर अशी दोन स्थळे निर्माण झाली, आणि त्यांच्यामधील सीमेला फट असते हे प्रथम जाणवले.

ह्या फटीचे शत्रू मात्र एकाच वेळी ओळखले गेले नाहीत. पहिला शत्रू पाऊस, दुसरा धूळ, तिसरा थंड झोत. आवाज हा चौथा आणि सर्वांत उशिरा आलेला. इंग्रजीतील रूढ संज्ञेत 'वेदर' म्हणजे हवामान आहे, ध्वनी नाही. आपल्याकडेही रबराची आठवण होते ती बहुधा जून महिन्यात, पायाखालची जाजमे भिजू लागली म्हणजे. रबराची पट्टी पाण्यासाठी आखली गेली, आणि पुढे तिच्याकडून शांततेची अपेक्षा केली गेली. ही दोन कामे एकच नव्हेत. पाणी आपल्या वजनाने खाली वाहते, त्याला पन्हळ काढून वाट करून दिली की ते निघून जाते. पाणी अडविणाऱ्या पट्टीला सूक्ष्म फट राहिली तरी चालते. ध्वनीला तसे चालत नाही. केसाएवढ्या फटीतूनही तो निघतो.

कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी गलबताच्या फळ्यांमधील सांधे कापसाची वात ठोकून बुजवीत. तो सांधा एकदा बुजविला की काम झाले. दाराच्या सांध्याची अडचण अशी, की तो दिवसातून दहा वेळा उघडावयाचा आणि दहाही वेळा तितक्याच घट्टपणे बुजावयाचा. ह्यासाठी दाबला असता दबणारा व सोडला असता पूर्वस्थितीला येणारा पदार्थ पाहिजे. नमदा दबतो, पण परत उठत नाही, शिवाय पाणी धरून ठेवतो. म्हणून रबर आले.

रबर ह्या शब्दाविषयी थोडे विषयांतर केल्यास वाचक क्षमा करतील. १७७० साली जोसेफ प्रीस्टली ह्याने शिसपेन्सिलीच्या खुणा पुसण्यास उपयोगी पडणाऱ्या एका पदार्थाची नोंद केली. घासून पुसण्याच्या ह्या उपयोगावरून इंग्रजीत त्या पदार्थाला 'रबर' हे नाव रूढ झाले. म्हणजे मूळ अर्थ 'घासणारा', 'पुसणारा'. मराठीने शब्द घेतला तो पदार्थाचे नाव म्हणून, आणि मग पुसण्याच्या वस्तूसाठी निराळा शब्द हवा म्हणून 'खोडरबर' असा समास केला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही द्विरुक्तीच होय, परंतु भाषेला त्याची खंत नाही. दाराच्या रबरालाही घासणे चुकत नाही; किंबहुना घासूनच ते झिजते.

कच्चे रबर उन्हात चिकट व थंडीत ठिसूळ होते. चार्ल्स गुडइअरला १८३९ साली गंधकाबरोबर तापविण्याची युक्ती सापडली व १८४४ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. इंग्लंडात टॉमस हॅन्कॉक ह्यानेही त्याच सुमारास हीच प्रक्रिया आपल्या नावे नोंदविली. गंधकाने रबराच्या लांबच लांब रेणूंना एकमेकांशी जागोजाग बांधले जाते, म्हणून ताण काढताच ते मूळ आकाराला परत येते. तथापि नैसर्गिक रबराच्या रेणूशृंखलेत जे द्विबंध उरतात त्यांवर हवेतील ओझोन हल्ला करतो. ताणलेल्या रबराला ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पडतात त्या ह्यामुळे. दाराच्या कोपऱ्यावर पट्टी वळवून बसविलेली असते. तेथे तिची बाहेरची बाजू सतत ताणलेली राहते, आणि म्हणून भेगा प्रथम कोपऱ्यात दिसतात. १९३० साली ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन सिद्ध झाले, त्याने तेल व ऊन ह्यांना अधिक दाद दिली नाही. खरा पालट मात्र त्सीग्लर व नात्ता ह्यांच्या उत्प्रेरकांमुळे झाला. ह्या दोघांना १९६३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच दशकात ईपीडीएम हे रबर बाजारात आले. ह्याच्या मुख्य शृंखलेत द्विबंध नसल्यामुळे ओझोनचे त्याच्यापुढे चालत नाही. आज दाराच्या पट्ट्या बहुतेक ह्याच रबराच्या असतात : आत धातूची कणा असलेली पकड, आणि तिच्यावर फुगीर, पोकळ, स्पंजासारखी नळी.

तरीही ही नळी म्हातारी होतेच. वर्षानुवर्षे दाबाखाली राहिल्यामुळे तिचा आकार कायमचा चेपतो. भेग नाही, फाटलेले नाही, डोळ्यांना सारे ठीक दिसते. पण नवी असताना जी नळी मोकळी सोडली की पुन्हा गोल होई, ती आता अर्धवटच उठते. बोट फिरवून रबराची परीक्षा करणाऱ्या कारागिराच्या हातून नेमका हाच दोष निसटतो, कारण बोटाला पृष्ठभाग कळतो, उभारी कळत नाही.

आवाजाची तक्रार केव्हा जन्माला आली हे निश्चित वर्ष देऊन सांगता येणार नाही, पण तिचे कारण सांगता येते. एक आवाज दुसऱ्याला झाकतो. एंजिन, गिअर व टायर ह्यांचा गोंगाट जोपर्यंत मोठा होता तोपर्यंत दाराची कुजबूज ऐकूच येत नव्हती. १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही ह्याने रोल्स-रॉइसची जी प्रसिद्ध जाहिरात लिहिली, तिचा मथळा ताशी साठ मैलांच्या वेगाला गाडीतील घड्याळाचा आवाजच सर्वांत मोठा असतो अशा आशयाचा होता. जाहिरातीतील अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी त्या मथळ्यावरून गिऱ्हाइकाचा कान बदलल्याचे दिसते. शांतता ही आता विकण्याची वस्तू झाली होती, आणि एकेक आवाज नाहीसा होऊ लागला तसतसा उरलेला प्रत्येक आवाज अपराधी ठरू लागला. ह्याच काळात उलट दिशेने ओढणारी एक फॅशनही होती. १९४९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने मधल्या खांबावाचून आणि काचेच्या चौकटीवाचून असलेल्या दारांच्या टपबंद गाड्या काढल्या. तेथे काचेची उघडी कड थेट रबरावर टेकत असे. दिसावयास त्या गाड्या देखण्या होत्या. वाऱ्याच्या दृष्टीने त्यांनी पुढील तीस वर्षे गॅरेजांना काम पुरविले.

दुसरा पालट वायुवीजनाचा. जुन्या गाड्यांना पुढच्या काचेच्या टोकाशी एक लहान त्रिकोणी काच असे, ती तिरपी करून हवा आत घेत. जनरल मोटर्सच्या फिशर कारखान्याने १९३३ च्या गाड्यांत ही सोय आणली व ती जगभर पसरली. आपल्याकडच्या फियाट व अँबॅसडर गाड्यांत ती पुष्कळांनी पाहिली असेल. ह्या त्रिकोणी काचेला स्वतःचे निराळे रबर, स्वतःची खिट्टी, आणि वाऱ्याच्या अगदी तोंडावरची जागा. म्हणजे शीळ घालण्यासाठी ह्याहून सोईस्कर योजना कोणी मुद्दाम केली असती तरी साधली नसती. १९६४ च्या अखेरीस इंग्लंडातील फोर्ड कंपनीने कॉर्टिना गाडीत समोरून हवा आत घेऊन मागून बाहेर सोडण्याची व्यवस्था केली, तेव्हापासून ह्या काचेचे प्रयोजन हळूहळू संपले. पण त्याचबरोबर खिडक्या बंद ठेवून गाडी चालविण्याची सवय जगाला लागली, आणि दाराच्या रबराकडून अपेक्षा आणखी वाढली.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा इतिहास मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यापासून मोजावा लागेल. वालचंद हिराचंद ह्यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली. प्रथम अमेरिकन गाड्यांची जुळणी व १९५० नंतर फियाटशी करार झाला. १९५३ साली इटलीत निघालेल्या ज्या ११०० नमुन्याला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' हे लाडके नाव पडले, त्याची पुढची दारे मधल्या खांबाला बिजागरीने जोडलेली होती. म्हणजे दाराची उघडती कड वाऱ्याच्या तोंडाशी येई. पुढील ११०० डी ह्या नमुन्यात बिजागऱ्या पुढे गेल्या. ही गाडी कुर्ल्यात १९६४ पासून होऊ लागली, आणि नंतर 'प्रीमियर पद्मिनी' ह्या नावाने तीच मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक पिढ्यांच्या परिचयाची झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्या टॅक्सीचा मुंबईच्या रस्त्यांवरील काळ संपला. तिच्या दाराच्या रबराविषयी कोणी तक्रार केल्याचे फारसे ऐकिवात नाही, आणि ह्याचे कारण तिचे रबर उत्तम होते हे नव्हे. टॅक्सीच्या काचा उघड्या असत. १०८९ घनसेंटिमीटरचे एंजिन आपले अस्तित्व पुरते जाणवून देई. आणि शहरातील वेग वाऱ्याला आवाज फुटण्याइतका क्वचितच वाढे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. तोपर्यंत बोरघाटाच्या जुन्या रस्त्यावर ट्रकांच्या मागे चालणाऱ्या मराठी मध्यमवर्गाला प्रथमच खिडक्या बंद, वातानुकूलन चालू आणि वेग तासभर एकसारखा, अशी स्थिती नित्य लाभली. दारातील वाऱ्याचा आवाज ही तक्रार आपल्या बोलण्यात रुळली ती ह्या स्थितीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. 'दारातून वारा येतो' हे वाक्य आपण सहज बोलतो. मराठीत 'हवा' आणि 'वारा' हे शब्द निरनिराळे आहेत. हवा असते, वारा वाहतो. बंद गाडीत हवा आहे, बाहेर वारा आहे, आणि फट पडली की बाहेरचा वारा आत येणार, असा तर्क ह्या शब्दभेदातच दडलेला आहे. तो घरापुरता खराही आहे. मोटारीत मात्र पुष्कळदा ह्याच्या नेमके उलट घडते. पुढच्या काचेच्या कडेचा जो खांब, त्याला वळसा घालून हवा बाजूच्या काचेवरून जाते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि तेथील दाब उतरतो. गाडीच्या आतील दाब त्यापेक्षा अधिक राहतो. पंखा बाहेरची हवा आत घेत असेल तर आणखी थोडा अधिक. त्यामुळे दाराची वरची चौकट बाहेरच्या बाजूला ओढली जाते. काचेची चौकट केवळ खालच्या बाजूने दाराला धरलेली असल्याने तिचे वरचे टोक सहज वाकते, रबराचा स्पर्श तेथे सैल होतो, आणि आतील हवा बाहेर शोषली जाते. ह्या शोषणाच्या वाटेवर जो आवाज निर्माण होतो तो आपण 'वारा येतो' म्हणून ऐकतो.

ही ओढ किती मोठी असते ह्याचा साधा हिशेब करता येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा गतिजन्य दाब सुमारे ४६० पास्कल भरतो. आतबाहेरील दाबाचा सरासरी फरक ३०० पास्कल धरला आणि काच व चौकट मिळून क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर धरले, तर बाहेर ओढणारे बल १२० न्यूटन होते, म्हणजे सुमारे बारा किलोग्रॅम वजनाएवढे. गाडी उभी असताना हे बल शून्य असते. गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीचे रबर तपासून 'ठीक आहे' असा निर्णय देणे म्हणजे माणूस झोपलेला असताना त्याच्या चालण्याची परीक्षा करण्यासारखे आहे.

'वारा येतो' असे म्हणणारा मालक आणि ते ऐकणारा कारागीर, दोघेही फटीशी हात धरून झोत शोधतात. झोत लागत नाही. मग कारागीर म्हणतो दार निर्दोष आहे, मालक म्हणतो आवाज तर येतो, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते. इंग्रजीतील तांत्रिक लेखनात ह्या क्रियेला 'ॲस्पिरेशन' म्हणतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा शब्द महाप्राण उच्चाराच्या संदर्भात परिचित आहे, आणि तेथेही श्वास बाहेरच जातो. हा योगायोग लक्षात ठेवण्यास सोईचा आहे. मराठीत ह्यासाठी जड संस्कृत संज्ञा घडविण्यापेक्षा 'ओढ' हा शब्द पुरेसा आहे असे मला वाटते : 'दाराला वेगात ओढ लागते.' हे वाक्य कारागिराला समजते, आणि त्याला हाताने झोत शोधण्याऐवजी चौकट पाहावयास लावते.

वेगाचा परिणाम इतका तीव्र का, ह्याचे स्पष्टीकरण जेम्स लाइटहिल ह्यांनी १९५२ साली प्रवाहजन्य ध्वनीचा जो सिद्धान्त मांडला त्यातून व एन. कर्ल ह्यांनी १९५५ साली घन पृष्ठभागांसाठी केलेल्या त्याच्या विस्तारातून मिळते. पृष्ठभागावर आदळणाऱ्या प्रवाहाच्या ध्वनीची शक्ती वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. फटीतून धडधडत जाणाऱ्या प्रवाहाचा ध्वनी चौथ्या घाताने. म्हणजे वेग ५० वरून १०० वर नेला तर पहिला प्रकार सुमारे १८ डेसिबेलने आणि दुसरा सुमारे १२ डेसिबेलने चढतो. ह्यातून एक उपयुक्त गोष्ट निघते : कमी वेगालाही जो वाऱ्याचा आवाज टिकून राहतो त्यात गळतीचा वाटा असण्याचा संभव अधिक, आणि केवळ मोठ्या वेगाला एकाएकी उसळणारा आवाज आरसा, खांब किंवा वायपर ह्यांच्या आकाराचा असू शकतो. अर्थात ओढीने चौकट एका ठराविक वेगाला उचलली गेली तर गळतीचा आवाजही एकाएकी सुरू होतो, म्हणून ही कसोटी एकटी पुरेशी नाही.

येथे मराठीची एक जमेची बाजू सांगितली पाहिजे. आपल्या भाषेत अनुकरणवाचक शब्दांचे भांडार मोठे आहे. मोल्सवर्थचा कोश कोठेही उघडला तरी ह्याचा प्रत्यय येतो. इंग्रजी बोलणारा गिऱ्हाईक सर्व प्रकारांना 'वाऱ्याचा आवाज' ह्या एका नावाने हाक मारतो. मराठी माणूस, त्याला बोलू दिले तर, 'शीळ वाजते', 'सूं सूं करते', 'फडफडते' किंवा 'घुमते' असे निरनिराळे सांगतो, आणि ह्या चार शब्दांमागे चार निरनिराळी कारणे आहेत. शीळ म्हणजे एकाच स्वराचा आवाज : तो धारदार कडेवरून, अरुंद पोकळीवरून किंवा गोल काठीवरून वाहणाऱ्या प्रवाहातून निघतो. श्ट्रोहाल ह्याने १८७८ साली तारांवर केलेल्या प्रयोगांतून मिळालेला नियम लावला तर पाच मिलिमीटर जाडीची एरियलची काठी ताशी १०० किलोमीटरला सुमारे ११०० आवर्तनांचा स्वर देते. ह्या एरियलपायी दाराची रबरे बदललेल्या गाड्या असतील, ह्याविषयी मला शंका नाही. 'सूं सूं' हा अनेक स्वरांचा मिश्र आवाज, तो खरा गळतीचा. 'फडफड' म्हणजे पट्टीची सुटलेली जीभ किंवा काचेच्या बाहेरची ढिली किनार. 'घुमणे' हे मागची एकच खिडकी उघडी ठेवली असता होते. गाडीचा सारा पोकळ भाग बाटलीसारखा वाजतो, आणि त्याचा रबराशी काही संबंध नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला 'आवाज कसा येतो?' एवढाच प्रश्न विचारून त्याचे क्रियापद नीट ऐकणे ही तपासणीची पहिली पायरी मानावी.

पुढील पायऱ्या साध्या आहेत, पण क्रम पाळला पाहिजे. दार बंद करताना फटीत कागदाची पट्टी धरावी आणि मग ओढून पाहावी. चारही बाजूंनी साधारण सारखा विरोध जाणवला पाहिजे. ती जेथे अलगद निघते ती जागा खडूने खुणावावी. गाडी उभी असताना खिडक्या बंद करून पंखा पूर्ण वेगाने बाहेरच्या हवेवर चालवावा व बाहेरून दाराच्या कडेला साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे उठतील तेथे गळती. ह्या चाचणीचा गुण हा की तीत हवा रस्त्यावरच्याप्रमाणेच आतून बाहेर जाते. नंतर दाराची सारी फट बाहेरून चिकटपट्टीने झाकून गाडी वेगात चालवून पाहावी. आवाज कायम राहिला तर दोष दाराचा नाही. आरशाकडे व एरियलकडे वळावे. आवाज गेला तर पट्टी हातहात काढीत जावे व तो कोणत्या तुकड्यानंतर परतला ते पाहावे. एवढ्यानेही रबरच दोषी असे ठरत नाही, कारण दार व गाडी ह्यांमधील मोकळी खाचही शीळ घालू शकते व चिकटपट्टीने तीही झाकली जाते. म्हणून त्या जागी रबराच्या मागे तात्पुरता फोमचा पातळ तुकडा घालून पुन्हा पाहावे.

दुरुस्तीत घाईने रबर बदलण्याची जी प्रथा आहे तिच्याविषयी थोडे परखडपणे लिहिणे आवश्यक आहे. जुन्या गाडीत बिजागरीची खीळ झिजून दार खाली लोंबलेले असते. अर्धे उघडलेले दार टोकाशी धरून वर उचलले असता खुळखुळले, तर नवे रबर घालूनही वरच्या कोपऱ्यात फट राहणारच, आणि खालच्या कोपऱ्यात नवे रबर महिन्याभरात चुरडणार. आधी बिजागरी, मग कुलूप ज्यात अडकते त्या खुंट्याची जागा, आणि सर्वांत शेवटी रबर, हा क्रम होय. खुंटा मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत सरकविल्याने कित्येक रबरांना आणखी काही वर्षांचे आयुष्य मिळते. ह्यावर आक्षेप असा घेतला जातो की मग दार जोराने आपटावे लागते. आक्षेप खरा आहे, आणि तो ह्या वस्तूच्या इतिहासाइतकाच जुना आहे : घट्ट रबर शांत असते पण दार लागू देत नाही, मऊ रबर दार लागू देते पण ओढीला टिकत नाही. आजच्या गाड्यांना एका दाराला दोन-दोन, तीन-तीन पट्ट्या असतात त्या हा भार वाटून घेण्यासाठी. आपटण्यास भिऊन खुंटा पुन्हा बाहेर काढणे म्हणजे आवाज परत बोलाविणे होय.

नवे रबर घालावयाचेच असेल तर ते ताणून लावू नये. ताणलेली पट्टी काही दिवसांत आखडते आणि सांध्याशी बोटभर उघडी पडते. सांधा नेहमी खालच्या बाजूला घ्यावा. कोपऱ्यात पट्टी किंचित सैल सोडावी. जुनी पट्टी मऊ राखण्यासाठी ग्रीस किंवा एंजिनचे तेल चोळण्याची सवय घातक आहे. ईपीडीएम उन्हाला जुमानत नाही, पण खनिज तेलाने फुगते व त्याचा आकार बिघडतो. त्यासाठी सिलिकोनचाच लेप वापरावा. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके रबर किंवा सोल्युशन लावताना बुजवू नयेत, नाहीतर आवाज जाईल आणि पत्रा गंजेल.

पोकळ नळीच्या अंगावर अंतराअंतरावर बारीक छिद्रे असतात. दार लागताना नळीतील हवा त्यांतून निघून जाते, आणि दार उघडताच तीच हवा परत शिरून नळीला उभारी देते. एखादा दक्ष कारागीर ह्या छिद्रांना पंक्चर समजून सोल्युशनने बंद करतो. मग दार उसळी मारून परत येते, आणि ते लागावे म्हणून खुंटा बाहेर सरकविला जातो.